खांदा दुखावला तरी भट्टी पेटती ठेवायची असेल तर

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्याचा कोयता करत होतो. लोखंड नारिंगीचं लाल आणि लालचं काळपट होत आलं होतं. ते परत भट्टीत घालायला हवं होतं, पण ‘अजून चार घाव’ म्हणत मी दीड किलोचा हातोडा हाणत राहिलो. त्या रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. दोन महिने तेल चोळण्यात आणि शेकण्यात गेले. शर्टाच्या बाहीत हात घालतानाही कळ यायला लागली तेव्हा कुठे अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. सोनोग्राफीत खांद्यातला एक स्नायुबंध अर्धवट फाटलेला दिसला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘काम काय करता?’ बँकेत बसतो म्हटल्यावर त्यांना पटेना. मग रविवारचं लोहारकाम सांगावं लागलं.

पुढचे सहा महिने हातोडा बंद होता. त्यानंतरच्या दीड वर्षात माझं लोहारकाम पुन्हा उभं राहिलं, पण पूर्वीच्या पद्धतीनं नाही. छंद म्हणून भट्टी लावणारी माणसं आता बरीच आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा खांदा चाळिशी-पन्नाशीत कुरकुरायला लागतो. त्यांच्यासाठी मी हे क्रमानं लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. दुखण्याबद्दल जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्ट ताईंकडून शिकलेलं आहे. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी दुखणं काय आहे ते कळू द्या

‘खांदा दुखतो’ या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा चेंडू. तो जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू आणि त्यांचे बंध करतात. डॉक्टर त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातला सुप्रास्पायनेटस हा सर्वांत वरचा बंध खांद्याच्या हाडाच्या छपराखालून, अरुंद जागेतून जातो. हात बाजूनं वर उचलला की तिथं तो घासला जातो. साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात दुखतं आणि त्याखाली किंवा वर कमी दुखतं, अशी तक्रार असेल तर बहुधा ही जागा सुजलेली असते. खांदा आखडणं, म्हणजे फ्रोजन शोल्डर, हे निराळं दुखणं. मधुमेह असलेल्यांत ते जास्त दिसतं, आणि त्यात दुसऱ्यानं हात उचलून दिला तरी तो वर जात नाही. मानेच्या मणक्यातली नस दबली तरीही खांदा दुखतो, पण तेव्हा बोटांत मुंग्या येतात. या तिन्हींवरचे व्यायाम सारखे नाहीत. एकाचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो.

काही लक्षणं दिसली तर भट्टीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: झटका बसून हात एकदम वर उचलता येईनासा होणं, खांद्याचा आकार बदललेला दिसणं, हात बधिर पडणं, तापासह सांधा गरम आणि लाल होणं. डावा खांदा दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं दुखणं समजून थेट रुग्णालयात जायचं.

शस्त्रक्रिया झाली असेल, तर शिवलेला बंध हाडाला धरायला काही महिने लागतात. सुरुवातीचे काही आठवडे हात झोळीत असतो. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर सुरू होतात आणि हातोड्यासारखं झटक्याचं काम त्याच्याही बरंच पुढे येतं. तारीख सर्जनकडून घ्या. विचारताना ‘जड काम कधी करू?’ असं मोघम विचारू नका. ‘800 ग्रॅमचा हातोडा मिनिटाला चाळीस वेळा मारायचा आहे, तो कधी?’ असं विचारा. मी तसं विचारलं तेव्हाच मला नेमकं उत्तर मिळालं.

आणखी एक. वेदनाशामक गोळी घेऊन ऐरणीपुढे उभं राहू नका. कुठे थांबायचं हे सांगणारी कळच गोळी बंद करते. सांध्यात इंजेक्शन घेतलं असेल तर किती दिवस विश्रांती घ्यायची, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

हातोडा बंद असतानाचे महिने

हे महिने वाया जाऊ देऊ नका. मी मुलांच्या खेळण्यातली माती आणून तिचे लांबट चौकोनी ठोकळे केले आणि ते लाकडी पट्टीनं ठोकून आकार काढायला लागलो. तापलेलं लोखंड आणि माती जवळजवळ एकाच रीतीनं पसरतात. एका बाजूनं दाबलं की दुसरीकडे फुगतात. कुठल्या क्रमानं ठोकलं तर कमी घावांत आकार येतो, हे मला मातीनं शिकवलं. उलथन्याच्या पात्याला मी पूर्वी निम्मे घाव वाया घालवत होतो. पातं आधी पसरवायचो आणि मग दांडा ओढायचो, त्यामुळे पसरलेलं परत सारखं करावं लागायचं.

व्यायामांची यादी मी देणार नाही, कारण ती तुमच्या फिजिओथेरपिस्टनं द्यायची आहे. माझ्यापुरतं सांगतो. पहिल्या टप्प्यात टेबलाला टेकून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल हलवायचा. मग बोटांनी भिंत चढायची. मग कोपर बरगडीला लावून, काटकोनात दुमडून, हात भिंतीवर पाच सेकंद दाबायचा. त्यात हात हलत नाही, फक्त स्नायू जागा होतो. शेवटी रबरी पट्ट्यानं हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा आणि पाठीची फरी, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, मागे खेचायची. मला सर्वांत जास्त फरक या शेवटच्या व्यायामानं पडला. ताई म्हणाल्या, ‘काका, दुखतोय खांदा, पण आळशी झालीय तुमची फरी. ती मागून धरत नाही म्हणून पुढचा बंध रगडला जातोय.’ बँकेत दिवसभर पोक काढून बसायचं आणि रविवारी अचानक हातोडा उचलायचा, याचा तो परिणाम होता.

जागेची मांडणी

परत सुरुवात करण्याआधी माझ्या शेडमधलं जवळजवळ सगळं मी हलवलं. नियम एकच होता: हाताला लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि छाती यांच्या मध्ये हवी. सांडश्या पूर्वी भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलेल्या असायच्या. दर खेपेला हात वर जायचा, तोही घाईत. आता त्या भट्टीच्या कडेला कमरेच्या उंचीच्या दांडीवर आहेत. कोळसा पोत्यातून न घेता लहान घमेल्यात काढून ठेवतो. पोतं उचलायला माणूस बोलावतो. भट्टी आणि ऐरण यांच्यात एक पाऊल वळण्याइतकंच अंतर ठेवलंय. जास्त अंतर असलं की तापलेलं लोखंड लांब हातानं धरून चालावं लागतं आणि तेवढ्यात ते निवतंही.

ऐरणीची उंची हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. बोटांची पेरं जिथं येतात तिथं ऐरणीचा माथा हवा. ऐरण त्याहून उंच असली की तेवढाच घाव घालायला दंड जास्त वर न्यावा लागतो, आणि दंड वर जाणं हेच तर टाळायचंय. फार खाली असली तर कंबर धरते. उंची बरोबर आहे का हे पाहायला ऐरणीवर मऊ लाकडाची फळी ठेवून नेहमीसारखा घाव घाला आणि खळगा बघा. दांड्याच्या बाजूची कड खोल रुतली असेल तर ऐरण उंच आहे. पलीकडची कड रुतली असेल तर ती खाली आहे. खळगा सपाट उमटला की उंची जमली. माझी ऐरण दीड इंचानं उंच निघाली. इतकी वर्षं मी खांदा उचलून ठोकत होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

ऐरण कशाची आहे तेही बघा. स्वस्त ऐरणी बहुतेक बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड घाव गिळतं, हातोडा परत फेकत नाही. मग प्रत्येक घावानंतर हातोडा पूर्णपणे आपल्याच ताकदीनं उचलावा लागतो. पोलादी ऐरणीवर तो स्वतःच उसळतो आणि उचलायचं निम्मं काम तीच करते. बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून ऐरणीवर सोडा. सात-आठ इंच वर आली तर ऐरण चांगली. दोन-तीन इंचांतच मेली, तर तुमच्या खांद्याचा एक शत्रू तुम्हाला सापडला. पोलादी ऐरण महाग वाटली तर रुळाचा तुकडा उत्तम चालतो. मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळाचा दोन फुटी तुकडा साधारण 36 किलोंचा भरतो. तो आडवा न ठेवता ओंडक्यात उभा रोवला, तर घावाखाली सगळं वजन सलग येतं. माथा लहान मिळतो, पण छंदाच्या कामाला पुरतो. रूळ मात्र पावती देणाऱ्या भंगारवाल्याकडूनच घ्या, कारण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी 1966 चा वेगळा कायदाच आहे.

भाता किंवा हाताचा पंखा फिरवणंही खांद्याचंच काम आहे. ते सोडून द्या. छोटा विजेचा ब्लोअर घ्या आणि हवा कमी-जास्त करायला नळीत पत्र्याची झडप बसवा. गॅसची भट्टी घेतली तर कोळसा ओढण्याचा त्रासही वाचतो आणि लोखंड सारखं तापतं. मात्र तिला घरगुती 14.2 किलोचं सिलेंडर लावू नका. त्याला परवानगी नसते. 19 किलोचं व्यावसायिक घ्या. भट्टी कुठलीही असो, शेड चारी बाजूंनी बंद असू नये, कारण जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास येत नाही.

हातोडा कोणता आणि धरायचा कसा

दीड किलोचा हातोडा मी एका मित्राला देऊन टाकला. आता 800 ग्रॅमचा वापरतो आणि बारीक कामाला 500 ग्रॅमचा. एका खुरप्याला 200 घाव धरले, तर दीड किलोच्या हातोड्यानं खांदा 300 किलो उचलतो. 800 ग्रॅमच्या हातोड्याचे घाव दीडपट लागले, म्हणजे 300 झाले, तरी एकूण उचल 240 किलोच होते. शिवाय दरेक घावाचा झटका लहान. दुखऱ्या बंधाला एकूण वजनापेक्षा तो एकेक झटकाच जास्त सोसवत नाही.

एका बाजूला आडवी चोच असलेला हातोडा घ्या. लोखंड लांबवायचं असेल तेव्हा सपाट तोंडाऐवजी चोच वापरली की तीच ताकद अरुंद जागेवर पडते आणि लोखंड एकाच दिशेनं सरकतं. ऐरणीच्या गोलसर कडेवर ठोकल्यानंही तेच होतं. लांबवण्याचे माझे घाव एवढ्यानंच जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी झाले.

दांडा लाकडाचाच हवा. पाइप वेल्ड करून केलेला दांडा कधी तुटत नाही हे खरं, पण घावाचा सगळा हादरा तो मनगटातून खांद्यापर्यंत पोचवतो. आपल्याकडे बाभळीचा दांडा सहज मिळतो. तो रंधून मुठीत सैल बसेल इतका बारीक आणि अंडाकृती करा. अंगठा दांड्यावर ताठ रोखू नका. मूठ फक्त हातोडा निसटू नये इतकीच आवळा, आणि घाव बसायच्या क्षणी ती सैल असू द्या. हातोड्याच्या हातात मी मोजाही घालत नाही. जाड मोजा घातला की मूठ आपोआप घट्ट आवळली जाते.

आता घाव. यासाठी मी पंधरा दिवस थंड ऐरणीवर, लोखंडाशिवाय, नुसती फळी ठोकून सराव केला. ऐरणीच्या अगदी जवळ उभे राहा. लांब उभं राहिलं की हात पुढे ताणला जातो. काखेत घडी केलेला रुमाल धरा आणि तो न पडू देता हातोडा मारा. रुमाल पडला म्हणजे कोपर बरगडीपासून फार दूर गेलं. हातोडा वर न्यायचा तो कोपर दुमडून, कानापर्यंत. दंड उचलून नाही. खाली येताना गुडघे किंचित वाकू द्या, म्हणजे अंगाचं वजन हातोड्यात उतरतं. मघाशी सांगितलेल्या 60 अंशांच्या आत दंड ठेवणं हाच या सगळ्याचा हेतू आहे. घाव लहान वाटेल. वाटू द्या. त्याची भरपाई पुढे आहे.

खांद्याऐवजी आगीकडून काम करून घ्या

माझ्या दुखापतीचं खरं कारण हातोड्याचं वजन नव्हतं. ते थंड लोखंड होतं. पिवळसर नारिंगी, म्हणजे साधारण 1100 अंशांवरचं साधं लोखंड लोण्यासारखं दबतं. गडद लाल झालेलं तेच लोखंड कितीतरी पट जास्त ताकद मागतं, आणि जी ताकद लोखंड घेत नाही ती हादरा होऊन हातात परतते. म्हणून लाल रंग उजळ असेपर्यंतच मारायचं. काळपट झाला की हातोडा खाली. एका तावात, म्हणजे लोखंड एकदा तापवून काढल्यावर, माझे दहा-बारा घाव होतात. पूर्वी पंचवीस व्हायचे, आणि त्यातले शेवटचे दहा निव्वळ खांद्याचं नुकसान करायचे. उन्हात रंग नीट ओळखता येत नाही, तेव्हा भट्टी सावलीत ठेवा.

इथे एक गोष्ट अनुभवानंच कळली. कामाचा वेग यावा म्हणून बरेच जण भट्टीत दोन तुकडे ठेवतात. एक ठोकेपर्यंत दुसरा तापतो. दुखऱ्या खांद्यानं हे कधीच करू नये. लोखंड तापायला लागणारी तीन-चार मिनिटं हीच आपली विश्रांती आहे. एकच तुकडा ठेवा, तो भट्टीत असताना हात खाली सोडून लंबकासारखा हलवा, पाणी प्या.

लोखंडाची निवडही याच हिशेबानं करा. 8, 10 आणि 12 मिलिमीटरच्या साध्या मऊ सळया घ्या. बांधकामाची टीएमटी सळई टाळा. तिचा बाहेरचा थर कडक असतो आणि तिच्यावरच्या रेघा मोडण्यातच घाव जातात. ट्रकचे पाटे तापल्यावरही साध्या लोखंडाहून चिवट असतात. सुरी किंवा कोयत्यासाठी पाट्याचं पोलाद हवंच असेल, तर मुळातच पातळ, हव्या त्या रुंदीची पट्टी शोधा आणि आकार ठोकण्याऐवजी घासून काढा. घासताना हातातलं ग्राइंडर यंत्र खांद्याला हादरे देतं. पट्टा ग्राइंडर असेल तर बरं. नसेल तर पाच-पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत अजिबात घालू नका. तिचा धूर माणसाला तापानं पाडतो. खांदा धड असो वा नसो, हे सगळ्यांनाच लागू आहे.

काय करायचं हेही बदला. लोखंड लांबवणं आणि पसरवणं यांत सर्वांत जास्त घाव लागतात. वाकवणं, पिळणं, भोक पाडणं यांत कमी. मी सुरुवात 8 मिलिमीटरच्या खुंट्या आणि आकड्यांपासून केली. एका आकड्याला तीन ताव आणि तीस-पस्तीस घाव. चौकोनी सळई तापवून व्हाइसमध्ये धरायची आणि दोन्ही बाजूंना मूठ असलेल्या पान्यानं पिळायची. यात दोन्ही हात कमरेच्या उंचीला राहतात, ताकद पायांतून येते आणि पीळ इतका देखणा दिसतो की लोक त्यालाच कारागिरी म्हणतात. मग कडी-कोयंडे, उलथनी, दाराच्या मुठी. कुऱ्हाड, कुदळ, पहार या वाटेला मी एकट्यानं जात नाही.

दुसऱ्या हाताकडे दुर्लक्ष नको. 12 मिलिमीटरची मीटरभर चौकोनी सळई सव्वा किलोच्या आत भरते, पण लांब सांडशीच्या टोकाला तिचा भार खांद्यावर कितीतरी जास्त पडतो. सळईच्या मागच्या टोकाला आधार द्यायला लोखंडी घोडी करा. सांडशीच्या दांड्यांवर सरकती कडी घाला, म्हणजे पकड कडीनं राहते आणि मुठीनं आवळत बसावं लागत नाही. दुखरा हात सांडशीचा असेल तर हे दोन्ही आधी करा.

घण दुसऱ्याच्या हातात

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात उशिरा कळलं, आणि माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

हातोडा बंद असतानाच्या दिवसांत मी आटपाडीच्या बाजारात एका घिसाडी, म्हणजे भटक्या लोहार कुटुंबाच्या पालापुढे तासभर बसलो होतो. म्हातारा जमिनीवर बसून सांडशीनं कुऱ्हाडीचं पातं फिरवत होता. त्याच्या डाव्या-उजव्या हातांचं काम खांद्याच्या कितीतरी खाली चाललं होतं. उजव्या हातात छोटी हातोडी. समोर त्याची सून घण घेऊन उभी. नातू भात्यापाशी. म्हातारा हातोडीनं टिचकी मारायचा, त्याच जागी घण पडायचा. मी खांद्याचं सांगितलं. मावशी, म्हणजे म्हाताऱ्याची बायको, बाजूला पाणी पाजलेली, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेली खुरपी मांडत होती. ती म्हणाली, ‘दादा, सांडशी तूच धरतूस, घण तूच मारतूस, भाता बी तूच. तीन माणसांचं काम एका खांद्यावर घेतल्यावर त्यानं काय करावं?’

तिचं म्हणणं खरं होतं. लोहारकाम आपल्याकडे कधीच एकट्याचं नव्हतं. मुख्य कारागीर सांडशी आणि नजर सांभाळतो, ताकद दुसऱ्याची. एकट्यानं सगळं करायची पद्धत आम्हा हौशी लोकांनी आणली.

तेव्हापासून माझी पुतणी घणावर असते. ती इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कबड्डी खेळते. तिला तयार करताना आम्ही जो क्रम पाळला तो असा. पहिले दोन रविवार थंड ऐरणीवर फळी. घण अडीच किलोचा, त्याहून जड नाही. दांड्यावर एक हात पुढे, एक मागे, आणि घण डोक्याच्या वर न्यायचा नाही. छातीपर्यंत उचलून सोडायचा, वजन आपलं काम करतं. ती माझ्या समोर, जरा तिरकी उभी राहते, म्हणजे दांडा निसटला तरी घण माझ्या अंगावर येत नाही. डोळ्यांना चष्मा दोघांच्याही. पायांत बंद चामडी बूट, अंगात सुती कपडे.

खुणा आधी ठरवायच्या आणि त्या कधी मोडायच्या नाहीत. मी तापल्या लोखंडावर हातोडी मारली की तिनं त्याच जागी घण मारायचा. माझी टिचकी हलकी असली तर तिचा घावही हलका. लोखंड सोडून ऐरणीवर हातोडी वाजवली की थांबायचं, घण वर गेलेला असला तरी बाजूला उतरवायचा. भट्टीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, खण्ण आवाज येतो. पहिल्या दिवशी ती विचारत होती, ‘काका, चुकून तुमच्या हातावर बसला तर?’ म्हणून सुरुवातीला हात लांब राहील अशी दीड फुटी सांडशी घेतली आणि छिन्नी आणि भोक पाडायचा सुंभा हातात न धरता लांब दांड्यात बसवले. अजून एकही घाव चुकीच्या जागी पडलेला नाही, पण लांब सांडशी आम्ही सोडलेली नाही.

घणाला माणूस मिळत नसेल तर दोन पर्याय आहेत. एक, पायानं चालणारा घण. पायटा दाबला की स्प्रिंगवरचा घण पडतो, दोन्ही हात मोकळे. फॅब्रिकेशनवाला तो करून देऊ शकतो. फ्लाय प्रेस, म्हणजे दांडा फिरवून स्क्रूनं दाब देणारं यंत्र, तोही चांगला आणि जुन्या यंत्रांच्या बाजारात मिळतो, पण त्याचा दांडा हातानं ओढावा लागतो, म्हणून तो दुखऱ्या हातानं चालवू नका. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. बऱ्याच गावांत लोहारांकडे आता मोटारीवर चालणारा घण असतो. जाड पाट्याचा तुकडा त्यांच्याकडे न्यायचा, मजुरी द्यायची, हव्या त्या जाडीपर्यंत ओढून आणायचा आणि पुढची नक्षी, धार, पाणी घरी करायचं. पहिल्यांदा मला यात कमीपणा वाटला. आता वाटत नाही. त्यांना काम मिळतं, आणि पंधरा मिनिटं त्यांच्यापाशी उभं राहून मला दर वेळी काहीतरी शिकायला मिळतं.

किती वेळ, आणि कधी थांबायचं

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पहिले दोन आठवडे मी दिवसाआड फक्त दहा मिनिटं हातोडा धरला. भट्टी तासभर पेटलेली असली तरी घाव दहा मिनिटांचेच. मग पंधरा, मग वीस. दोन आठवड्यांपेक्षा लवकर कधी वाढवलं नाही, आणि वेळ व वजन दोन्ही एकदम कधी वाढवले नाहीत. चौथ्या महिन्यात दोन तासांच्या बैठकीत एकूण चाळीस मिनिटं घाव इथवर पोचलो आणि तिथेच थांबलोय.

दुखणं मोजायला ताईंनी दिलेली पट्टी वापरतो. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. काम करताना तीनपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढची बैठक रद्द आणि त्यानंतरची निम्म्या वेळेची. रात्री झोपमोड झाली तर आठवडाभर हातोडा बंद. सलग दोन आठवडे असं झालं तर पुन्हा तपासणी. काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं हात फिरवून अंग गरम करतो. थंडीत तर हे चुकवतच नाही, कारण माझ्या वहीतली वाईट पानं बहुतेक डिसेंबर-जानेवारीच्या सकाळची आहेत.

ती वही भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. तारीख, हातोडा, घावांची मिनिटं, घणावर कोण, त्या रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा. गेल्या रविवारचं पान असं आहे: 800 ग्रॅम, 35 मिनिटं, पुतणी घणावर 20 मिनिटं, दोन कोयंडे आणि पाट्याच्या कोयत्याचं पातं. रात्री दोन. सकाळी एक.